दीड वाजताचे बाजारभाव

१७ मार्च

आज पत्र्यावर टीव्हीची छत्री पक्की बसवली. दोन बोटं भाजली. खालून घरमालक महादेवराव ओरडून राहिले होते, "अबे, पत्रा फोडशील! पावसाळ्यात गळला तं तूच झोपजो बादली घेऊन!" पण सिग्नल आला.

श्वेता मुंबईच्या एका चॅनेलवर रोज दुपारी दीड वाजता बाजारभाव वाचते. पंधरा मिनिटं. कापूस, सोयाबीन, मिरची. तिच्या गावात, पारशिवनीच्या पुढं, दुपारी लाइटच नसते. आणि चॅनेलवाले यूट्यूबवर फक्त भांडणं टाकतात, भावाचं बुलेटिन कोणी टाकत नाही. परवा फोनवर म्हणाली, "घरी कोणालाच दिसत नाही रे. आईला खूप वाटतं. तुला यातलं कळतं, काही करता येईल का?"

मुंबईला गेल्यापासून ती 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणते. 'गा'चं 'रे' झालं. होऊ दे. कॉलेज सोडल्यापासून मला काही कळतं असं म्हणणारी ती एकटीच आहे.

कामावरच्या गोडाऊनच्या भंगारातला एक कॉम्प्युटर मागून आणला. त्यात टीव्हीचं कार्ड घातलं. रोज दीडला आपोआप रेकॉर्ड होईल आणि मग कुठूनही, केव्हाही मोबाईलवर पाहता येईल. घरचा सर्व्हर. खातं एकच उघडणार. तिचं.

१९ मार्च

कोणी पुढं विचारलं तर लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

दीड वर्षापूर्वी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, चार दिवस राहिले असताना श्वेतानं पोराला नाही म्हटलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिच्या वडिलांनी, चंपतरावांनी, पारावर चारचौघांत सांगितलं, "आजपासून तिचं तोंड पाहिलं तं मी माझ्या बापाचा नाही." ती मुंबईला निघाली तेव्हा स्टेशनवर तिची बॅग मी उचलली होती. गाडी सुटताना म्हणाली, "साहिल, तू नसता तं मी गेलीच नसती."

या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. त्याच महिन्यात लॅबमध्ये सर म्हणाले, "पोरींच्या बॅगा उचल, हमाली तरी येईल." मी कॉलर धरली. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष तिथंच संपलं. आता नागपूरच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बिल्ट्या, मालाच्या पावत्या, फाडतो. म्हणजे सरांचं खरंच झालं, पण ते त्यांना सांगायला जाणार नाही.

२४ मार्च

सर्व्हर खोलीत चालते, बाहेरून चालत नाही. नेटवाल्याला बोलावलं. म्हणाला, "भाऊ, तुमच्या कनेक्शनले बाहेरून आत याचा रस्ताच नाही. तुमचा अन् आजूबाजूच्या चाळीस घरांचा पत्ता एकच आहे. बाहेरच्या मानसाले कसं समजन कोनतं दार वाजवाचं?"

मी त्याच्या अंगावर धावलो. पुष्करनं मागून धरलं. पुष्कर माझा खोलीतला जोडीदार, ट्रकांची बुकिंग घेतो, जगात त्याला कशाचाच राग येत नाही. नेटवाला गेल्यावर म्हणाला, "अबे, पोरीले फोन कर न सरळ. एवढा उकिरडा कायले मांडला?"

"तुले नाही समजत."

"हाव, मले नाही समजत. मी तं फक्त तारा ओलांडून संडासले जातो."

२८ मार्च

वाट निघाली. मधल्या एका फुकटच्या सेवेतून आडमार्गानं आत येता येते. श्वेताला लिंक आणि पासवर्ड पाठवला. पासवर्ड म्हणजे ती गेली ती तारीख. ओळखेल.

तिनं अंगठा पाठवला. दोन अंगठे.

३० मार्च

पाहिलं!

सर्व्हर सगळ्याची नोंद ठेवते: कोणतं खातं, किती वाजता, किती मिनिटं, कोणत्या शहरातून. आज पहाटे चार बावन्नला 'श्वेता' या खात्यानं कालचं बुलेटिन उघडलं. मोबाईलवरून. शहर: मुंबई. पूर्ण पंधरा मिनिटं.

पहाटे उठून आपलंच बुलेटिन कोण पाहते? तिला स्वतःला पाहायचं नाही. मी काय केलं ते पाहायचं आहे. सगळे झोपलेले असताना, कोणाला न सांगता.

पुष्करला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "चार बावन्नले आमच्या घरी फक्त माया आबा उठे. ओलित कराले, वावराले पानी द्याले." आणि परत झोपला.

६ एप्रिल

रोज. पाच वाजायच्या आत. कधी चार चाळीस, कधी पाचला पाच कमी. शेवटी ती हात जोडते ना, तेवढा भाग काल चार वेळा मागे नेऊन पाहिला. मीही तोच भाग पाहतो. दोघांना एकच जागा आवडावी, हा योगायोग नाही.

संध्याकाळी धीर करून फोन लावला. "पाहतेस ना?"

"अरे हो, मस्त चाललंय. काजल सांगत होती. थँक्यू साहिल, खरंच."

काजल तिची लहान बहीण, गावी असते, बारावीला. म्हणजे बहिणीजवळ माझा विषय निघतो!

मग थांबून म्हणाली, "तुला एक सांगायचंय. पण फोनवर नाही. आधी बाबांचं काय होते ते पाहू दे."

'होते' म्हणाली. 'होतं' नाही. एका शब्दात घरची झाली. काय सांगायचं असेल, हे मला विचारायची गरज नाही. चंपतरावांचा राग उतरला की ती बोलणार. मी थांबीन.

१२ एप्रिल

तीन दिवस कोणी आलं नाही. जेवण गेलं नाही. तारा, छत्री, राउटर सगळं दोनदा तपासलं. बिल्टीवर अकोल्याच्या मालाला अमरावती लिहिलं, शेठ बोलला, मीही बोललो.

काजलच्या स्टेटसवर सलाईन लावलेल्या हाताचा फोटो: 'गेट वेल सून बाबा'. मग समजलं. वडील आजारी म्हटल्यावर श्वेताचं मन कशात लागेल? वडील कसेही असोत, पोरीचा जीव असतोच. माझा तिच्यावरचा विश्वास वाढला.

१४ एप्रिल

आली. चार एकावन्न. राहिलेली सगळी बुलेटिनं एका बैठकीत पाहिली.

१८ एप्रिल

आजपासून बुलेटिनला दोघं. एक उन्मेष म्हणून आहे, बारीक मिशी, नागपूरचाच म्हणे, धंतोलीचा. कापूस, मिरची ती वाचते. तूर, सोयाबीन तो. मध्ये तो म्हणाला, "तुरीनं आज श्वेताताईंसारखी उंची गाठली आहे," आणि ती हसली. बाजारभावात हसण्यासारखं काय असते?

माझं डोकं फिरलं. लिहून पाठवलं: 'बातम्या वाचायला गेलीस का दात काढायला?' लगेच पुसायला गेलो, पण तिनं पाहिलं होतं. उत्तर नाही.

संध्याकाळी बसून त्याचा भाग कापला. पाच मिनिटं चौदा सेकंद. बुलेटिन हलकं झालं.

१९ एप्रिल

चार सत्तेचाळीसला आली! कापलेलं पूर्ण पाहिलं. कालच्या मेसेजचा राग असता तर आली असती का? तोंडानं बोलत नाही, पण रोज पहाटे येऊन सांगते. आता रोज कापीन.

२४ एप्रिल

पारा चव्वेचाळीस. पत्र्याखाली पंचेचाळीस धरा. दुपारी कॉम्प्युटरला हात लावला तर तवा. ऐन दीड वाजता आपोआप बंद पडला, सहा मिनिटांचं रेकॉर्डिंग गेलं. त्या सहा मिनिटांत ती किती वेळा दिसली असेल.

खोलीत कूलर एकच. तो फिरवून सर्व्हरच्या तोंडाशी लावला, हातभर अंतरावर. कूलरच्या बाजूच्या ताट्यांना नवीन वाळा भरला. पुष्कर गोडाऊनवरून आला, बनियनवर उभा राहून पाहत राहिला.

"अबे, त्या डब्ब्याले घाम येऊन राहिला का?"

"बंद पडते तो."

"अन् मी? मी बंद नाही पडत का?"

शेवटी सतरंजी घेऊन बाहेर गॅलरीत गेला. जाता जाता म्हणाला, "वास तं मस्त येऊन राहिला गा वाळ्याचा. लगन लावून टाक त्याच्याशी." मशीन मात्र गार. हात लावला तर गालावर ओला हात ठेवल्यासारखं वाटते.

३ मे

गेलं.

सकाळी स्क्रीन काळी. डिस्कमधून टकटक आवाज, मग तोही नाही. सीताबर्डीला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं झाकण उघडलं आणि दुकानातल्या बाकीच्यांना बोलावलं. "या बे, पाहा. भाऊ, ह्याले विहिरीत ठेवलं होतं का?"

आत सगळीकडे पांढरा क्षार. वाडीचं बोअरचं पाणी, कूलरमधून दिवसरात्र बारीक बारीक उडून आत बसलं. पिना गंजल्या, बोर्ड हिरवा पडला. ज्या वाऱ्यानं त्याला वाचवत होतो त्यानंच त्याला खाल्लं.

"दुसरीकडे कॉपी ठेवली असन न?"

नव्हती. पस्तीस दिवसांचं सगळं एका डिस्कवर. बुलेटिनं गेली, नोंदीही गेल्या. ती आली होती याचा आता कागदसुद्धा नाही.

मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. त्यानं पाणी आणून दिलं. पाणी पाहून मला रडू आलं.

५ मे

श्वेताला सहा मेसेज टाकले. बंद पडलं, मी सोडून नाही दिलं, चार दिवस दे, उठून पाहत बसू नको, झोप. रात्री उत्तर आलं: 'अरे ठीक आहे रे, एवढं काय. नको त्रास घेऊ. आराम कर.'

एवढं काय.

मला समजते. मला त्रास नको म्हणून म्हणते. पण ते दोन शब्द दिवसभर पायात काच घुसल्यासारखे.

९ मे

गोडाऊनच्या कॅमेऱ्यांच्या पेटीतली डिस्क काढून आणली. चोरी नाही, चार दिवसांची सोय. कॅमेरे तसेच लटकले आहेत, लाल दिवाही पेटते, कोणाला काय समजते. बोर्ड जुन्या बाजारातून उचलला. कूलर खिडकीत परत. मशीन उघडं ठेवून वर टेबलपंखा. दीडचं बुलेटिन आलं. कापलं. ठेवलं.

१० मे

चार एकोणपन्नास. आली. सात दिवस रोज उघडून पाहत होती का? असेल. मी पंख्याखाली बसून हुंदके दिले, पुष्करनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

११ मे

दोन पोती मिरची कमी भरली. शेठनं कॅमेरे पाहतो म्हटलं आणि पेटी उघडली. मी खोटं बोललो नाही, तेवढं माझ्याबाजूनं. तो म्हणाला, "डिस्क घाल तुझ्या मढ्यावर. उद्यापासून वाडीत मले तोंड नको दाखवू." मिरची मी नाही घेतली हे त्यालाही माहीत आहे. पण आता सिद्ध कशावरून करणार, सिद्ध करायचीच वस्तू माझ्या घरी होती.

१२ मे

काजलचा फोन आला. पहिल्यांदाच.

"दादा, ते मशीन सुरू झालं न, बरं झालं. पन एक विचाराचं होतं. तुरीचा भाव काहून नाही येत आता?"

"तुला तुरीचं काय करायचं आहे?"

"मले नाही जी..." आणि थांबली. "असंच. ठेवते."

फोन ठेवला. माझ्याच मोबाईलवरून, इथं वाडीत खाटेवर बसून, सर्व्हर उघडला. नोंद पाहिली. शहर: मुंबई.

पुष्करचा मोबाईल घेतला. मुंबई. महादेवरावांच्या नातवाचा घेतला. मुंबई. कंपन्यांचं नेट तिकडून फिरून येते, एवढं मला, मला, समजायला पाहिजे होतं. पारशिवनीतूनही मुंबईच दाखवणार.

ती कधी आलीच नाही. एक दिवसही नाही. लिंक आली तशी तिनं घरी पाठवून दिली. सांगितलं होतं ना तिनं पहिल्याच दिवशी, आईला पाहायचं आहे. मी ऐकलंच नाही.

नोकरी गेली, डिस्क गेली, आणि रोज पहाटे मी जिच्यासाठी जागलो ती श्वेताची आई रुखमाबाई होती, स्वयंपाकाच्या आधी पोरीला पाहणारी.

खातं बंद करून टाकलं. पाहू दे आता कोणाला काय पाहायचं ते.

१७ मे

सगळं जसं झालं तसं लिहितो, माझ्याबद्दलही.

दुपारी एकच्या भर उन्हात जिन्यावर कोणी चढलं. धोतर, डोक्याला दुपट्टा बांधलेला, चेहरा तापून लाल. दारातच म्हणाले, "साहिल तूच का? मी चंपत. काजलचा बाप."

श्वेताचा नाही म्हणाले. काजलचा.

पाणी दिलं. दोन तांबे प्यायले. खोलीभर नजर फिरवली, उघड्या मशीनवर थांबली.

"ते भावाचं बंद झालं. काहून?"

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि त्याची आगच झाली. "तुम्ही पाहत होते? पहाटे?"

"भाव पाहतो. कास्तकाराले भाव पाहा लागते."

"आदल्या दिवशीचे? शिळे भाव?"

ते दुपट्ट्याच्या टोकाशी खेळत बसले. "पहाटे ओलिताले जातो. कालव्याच्या पाळीवरच रेंज राह्यते. काजलनं लावून देल्लं होतं. घरी नाही पाहत मी. घरी कोनाले माहीत नाही, काजलले सोडून." मग एकदम तक्रार केल्यासारखं, "अन् तूर काहून नाही सांगत ते आता? मंधातच कापल्यावानी होते."

दीड महिना मी या माणसावर प्रेम करत होतो. ही शरम सहन झाली नाही. कोणाला तरी जखम द्यायची होती, समोर तेच होते. म्हटलं, "तूर ती नाही सांगत. बाजूला पोरगा आहे तो सांगते. मी कापतो त्याले. त्याच्याचसाठी पळाली तुमची पोरगी. लगन करून राहिले दोघं. तुम्हाले कोनी सांगितलं नाही का?"

खोटं. साफ खोटं. तोंडातून निघता निघता बनवलं.

चंपतरावांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत राहिला. मग म्हणाले, "कोन्ता पोरगा? मले तं ते एकटीच दिसे."

दीडला दोन मिनिटं कमी होती. मशीननं आपोआप चालू होऊन चॅनेल लावला. मी बंद करायला उठलो, त्यांनी माझं मनगट धरलं. ओलित करणाऱ्या हाताची पकड असते. "राहू दे."

पंधरा मिनिटं त्यांनी पाहिलं. माझ्यासमोर, दिवसाढवळ्या, न कापलेलं. तिनं कापूस सांगितला, उन्मेषनं तूर सांगितली. एकदा तिनं त्याच्याकडे पाहिलं तेव्हा चंपतराव खुर्चीत पुढं सरकले. शेवटी तिनं हात जोडले, तर यांचेही हात थोडेसे वर आले आणि मांडीवर पडले.

"कोनाचा आहे?"

"मले काय माहीत. धंतोलीचा आहे म्हनतात."

"नंबर दे."

"त्याचा?"

"तिचा."

"काजलजवळ आहे न."

"काजलले नाही मांगता येत मले," म्हणाले.

मी दिला. कागदावर, मोठ्या आकड्यांत. कागद टोपीच्या घडीत ठेवतात तसा दुपट्ट्याच्या गाठीत बांधला आणि उठले. जेवायला थांबा म्हणायचं सुचलंच नाही.

१८ मे

रात्रभर झोप नाही. मी काय केलं हे? दीड वर्षाचा त्यांचा राग पाणी होत आला होता, पोरीला पाहायला माणूस पहाटे कालव्यावर जात होता, आणि मी त्यात खोटं ओतलं. आता ते फोन करून तिला तोडून टाकतील. ती म्हणेल, कोणी सांगितलं? साहिलनं.

तिला चौदा वेळा फोन लावला. बिझी, बिझी, बिझी. मग बंद. लिहून पाठवलं, 'बाबांना मी खोटं सांगितलं, माफ कर, मी स्वतः गावी जाऊन सांगतो.' एकच टिक.

२० मे

बुलेटिनला आज दुसरीच पोरगी होती. उन्मेषही नाही. कारण सांगितलं नाही. दोघांना काढलं का? चंपतरावांनी चॅनेलवर फोन करून राडा केला असेल तर? गावच्या पाटलाचा राग आहे, काहीही करू शकतात.

पुष्कर ट्रकच्या कागदांसाठी स्टेशनकडे गेला होता. म्हणाला, "तुया तो म्हातारा, त्या दिवशी जिन्यात भेटला तो, दिसला गा सकाळी. मुंबईची गाडी लागते त्या फलाटावर. नवा कोरा दुपट्टा, संग बायको, अन् ते बारावीवाली पोरगी. हातात पेढ्याचा डब्बा."

"कोणाला आणायला गेले असतील. मला काय."

"हाव, कोनाले तरी आनाले गेले असन," पुष्कर म्हणाला. मग त्यानं त्याच्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली.

२१ मे

सकाळी नऊ दहाला तिचा मिस्ड कॉल! मी खाली पाणी भरत होतो. लगेच लावला तर 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर'. दिवसभर तेच. मुंबईत कुठं रेंज नसते? शिव्या द्यायलाच केला असेल. पण केला. द्याव्या तिनं, मी ऐकून घेतो. नाही तर एखाद्या दवाखान्याच्या तळघरात पडली असेल आणि मी इथं कळश्या भरत बसलो आहे.

काजल उचलत नाही. एकदा उचलला तर मागं बायांचा गलका, कोणी हळदीच्या पाटाचं विचारत होतं. काजल म्हणाली, "दादा, मंग बोलते, लय काम आहे, ताई तुम्हाले सांगनारच आहे," आणि कट. काजल तर काहीच घडलं नसल्यासारखी! गावी कोणाच्या तरी घरी लग्न आहे, आणि सख्खी बहीण तिकडे एकटी, फोन बंद, नोकरी गेलेली, याची हिला काही नाही. माणसं अशी असतात.

२२ मे

आजही बुलेटिनला ती नाही.

ठरवलं. आज संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जातो. रिझर्व्हेशन नाही, जनरलमध्ये उभा राहीन. चॅनेलचा पत्ता उतरवून घेतला. ती सापडली की पाया पडून सांगीन, मी बनवून सांगितलं, सगळं माझंच डोकं होतं. मग ती काय म्हणायचं ते म्हणो.

पुष्कर दारात आडवा उभा राहिला. "साहिल, नको जाऊ बे मुंबईले. एक दिवस थांब. वाटल्यास मी येतो तुयासंग पारशिवनीले."

"पारशिवनीला काय आहे?"

तो दारातून बाजूला झाला. माझी बॅग मात्र जिन्यावरून त्यानंच खाली नेली.